बर्फ न पडलेलं हिमयुग

भाद्रपदातली सकाळ. बारी गाव खाली ठेवून तुम्ही कळसूबाईच्या शिडीशी पोचला आहात. लोखंडी दांडे ओले आहेत. दोन्ही अंगांना सोनकीची पिवळी फुलं, मध्येच तेरड्याचा गुलाबी पट्टा, उतारावर कारवीची गच्च रानं. दरीतून ढग वर येतो आहे. माथा इथून फार लांब नाही. उंची १,६४६ मीटर, महाराष्ट्रातली सगळ्यांत उंच जागा. आता इथेच थांबायचं आणि वर्षं मागे सरकू द्यायची. शंभर नाही, हजार नाही. २०,०००.

आधी शिडी जाते. मग पायवाट. मग ढग.

पहिली जाणवते ती थंडी. महिना तोच आहे, पण अंगावर काटा येतो. त्या काळी उष्ण कटिबंधातली हवा आजच्यापेक्षा साधारण ३ ते ५ अंशांनी गार होती. हजार मीटर चढलं की हवा सहाएक अंशांनी गार होते, हा डोंगरातला ढोबळ हिशेब. तो उलटा लावला तर कळतं, की तुम्ही जागचे हलला नाहीत, पण थंडीच्या मापाने आजच्या उटीच्या उंचीवर जाऊन पोचला आहात. बर्फ मात्र कुठेही नाही. या डोंगरांवर हिमनदी कधी वाहिली नाही. पौषातल्या पहाटे गवतावरचं दव गोठत असेल, जसं आजही महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या कडक हिवाळ्यात गोठतं, तेवढंच.

दुसरी गोष्ट ध्यानात यायला थोडा वेळ लागतो. भाद्रपद असूनही पायाखालची माती कोरडी आहे. ओढे वाहत नाहीत. कारवीचं रान होतं तिथे गुडघाभर गवत आहे, तांबूस, टोकं आत्ताच वाळायला लागलेलं. चार पावलं टाकलीत तर कुसळं कपड्यांत रुततात. पश्चिमेकडे बघा. आजच्या स्वच्छ दिवशी जिथे कोकणपट्टी संपते आणि पाणी सुरू होतं, तिथे आता जमीनच जमीन आहे. जगभरातलं एवढं पाणी उत्तरेच्या बर्फात अडकून पडलंय, की समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने उतरली आहे. आज मुंबई हाय म्हणून ओळखलं जाणारं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून दीडशेहून अधिक किलोमीटरवर भर समुद्रात आहे. या घडीला त्याच्यावरही गवत डोलतं आहे.

आपल्याकडे हिमयुग आलं ते असं. थंडीपेक्षा अवर्षणाच्या रूपाने. तिबेट आणि हिमालय गारठलेले, अरबी समुद्रही गार. उन्हाळ्यात जमीन तापून समुद्रावरची ओली हवा ओढून घेते, तो जोरच कमी झाला. मोसमी पाऊस थांबला नव्हता, पण रोडावला होता. त्यातच हवेतला कार्बन डायऑक्साइड १९० पीपीएमच्या आसपास, म्हणजे आजच्या निम्म्याहून कमी. अशा हवेत झाडांची उपासमार होते. तरतात ती ज्वारी-उसाच्या पद्धतीने अन्न बनवणारी गवतं. थोड्या पाण्यात आणि थोड्या कार्बनमध्ये ती भागवतात. त्यांच्या पेशींत कार्बनची दोन समस्थानिकं वेगळ्या प्रमाणात साठतात, आणि ते प्रमाण हजारो वर्षं मातीत टिकून राहतं. निलगिरीच्या दलदलींमधल्या कुजलेल्या पालापाचोळ्यात रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजलं. १९९३ साली ‘नेचर’मध्ये छापून आलेला त्यांचा निष्कर्ष हाच होता, की हिमयुगाच्या ऐन भरात तिथे अशा गवतांचं राज्य होतं. उटीसारख्या ठिकाणी ही गत, तर इथे, अकोले तालुक्याच्या डोंगरांत, वेगळं काय असणार?

तुम्ही पूर्वेला वळता. खाली प्रवरा आहे. रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी तीच नदी, पण ओळखू न येणारी. पात्र उथळ आणि पसरट. डोंगरावरून सुटलेला गाळ पुढे रेटायची तिच्यात ताकद नाही, म्हणून तो काठांवर थरावर थर साचतो आहे. संगमनेरकडे त्या गाळाची मैदानं झाली आहेत. त्यांच्यावर चरणारी जनावरं तुमच्या गोठ्यातल्या बैलांहून कितीतरी थोराड आहेत. अशा रानबैलांच्या अस्थी पुढे नेवाशाजवळ प्रवरेच्या जुन्या गाळात सापडायच्या आहेत. आणि इथून उत्तरेला, चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे, तुमच्या या क्षणाच्या पाचेक हजार वर्षं आधी कुणीतरी शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर बारीक रेघांची नक्षी कोरली आहे. सा. अ. साळी यांनी १९७०च्या दशकात ते कवच उत्खननात बाहेर काढलं. शहामृग, आणि खानदेशात! झाडीत राहणारा हा पक्षी नव्हे. त्याला मोकळं, कोरडं माळरान लागतं. त्या एका तुकड्यावरून अख्खा प्रदेश डोळ्यांपुढे उभा राहतो.

मग कारवी कुठे गेली? हिरडा, जांभूळ, अंजनी, ओल्या दगडांवरचे नेचे, हे सगळं कुठे गेलं?

याचं उत्तर शोधायला माथ्यावर राहून चालणार नाही. खाली उतरा, साम्रदच्या बाजूला, जिथे डोंगर चिरून सांधण दरीची घळ गेली आहे. घळीच्या तोंडाशी गवत संपतं. आत दोन्ही भिंती इतक्या जवळ, की ऊन तळापर्यंत दिवसातून थोडाच वेळ पोचतं. हात भिंतीला लावा. खडक थंडगार आणि ओला आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसून सह्याद्री झाला. दोन थरांच्या मध्ये कुठे लाल मातीचा पट्टा, कुठे भोकाभोकांचा सच्छिद्र दगड. पावसाचं पाणी उभ्या चिरांतून आत जातं, अशा थराशी अडतं आणि कड्याच्या पोटातून हळूहळू बाहेर झिरपत राहतं. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती कमरेएवढं गारठलेलं पाणी भर उन्हाळ्यातही असतं ते याच कारणाने. रोडावलेल्या पावसाचंही पाणी डोंगर असं जपून ठेवतो आणि एका रेषेत, एका चिरेत सोडतो.

त्या चिरेत बोटभर शेवाळ आहे. शेवाळात मूळ धरलेला एक नेचा, त्याच्या पानांच्या टोकांवर थेंब. जरा वर, मूठभर मातीच्या खोबणीत, कारवीची सातआठ रोपटी. खरखरीत दातेरी पानं, पेरापेरांची काठी. फूल नाही. सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारी ही. आज तिची पाळी नाही. बाहेर मैलोन् मैल गवत, आणि इथे या सावलीत एवढीशी कारवी. तिच्या जातीचं पुढचं सगळं भवितव्य अशा शेकडो खोबणींत विखुरलेलं आहे.

याच दिवशी दुसऱ्या टोकाला काय चाललंय तेही बघून या, म्हणजे फरक कळेल. स्कँडिनेव्हिया दोन-तीन किलोमीटर जाड बर्फाखाली गाडला गेला आहे. आर्क्टिकमधली बुटकी झुडपं, ड्रायस नावाचं आठ पाकळ्यांचं पांढरं फूल, हे सगळं बर्फाच्या पुढे ढकललं जात मध्य युरोपच्या मैदानांत उतरलं आहे. पुढे ऊब परतली, तशी त्यांतली काही उत्तरेला गेली आणि काही जवळच्या डोंगरांवर चढली. आल्प्सच्या शिखरांवर आणि ध्रुवाजवळ एकच वनस्पती का सापडते, याचा हा उलगडा एडवर्ड फोर्ब्स यांनी १८४६ साली मांडला आणि डार्विन यांनी १८५९च्या आपल्या ग्रंथात त्याला जागा दिली. बर्फातून वर डोकावणाऱ्या सुळक्यांवर काही झाडं तग धरून राहिली, की सगळी नंतर बाहेरून आली, यावर नॉर्वेत शंभर वर्षं वाद झडला. २००७ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या डीएनए अभ्यासाने दाखवलं, की स्वालबार्ड बेटांवर वारा, पक्षी आणि तरंगता बर्फ यांच्या पाठीवर बसून बिया पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या दिशांनी पोचल्या होत्या. तिथल्या झाडांनी प्रवास करून जीव वाचवला. सांधणमधल्या कारवीला प्रवास जमणारा नाही, आणि मला वाटतं, आपल्या सह्याद्रीची गोष्ट तिथूनच वेगळी होते.

आता पुढे यायला लागा. १५,००० वर्षांपूर्वी पाऊस पुन्हा जोर धरू लागतो. मध्ये १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा एक टप्पा असा, की उत्तरेत एकाएकी कडाका परततो आणि आपला मोसमी पाऊस पुन्हा खचतो. त्या टप्प्याला शास्त्रज्ञांनी त्या ड्रायस फुलाचंच नाव दिलंय, कारण डेन्मार्क-स्वीडनच्या चिखलात त्याची पानं पुन्हा सापडू लागतात. पण तो सरला, की मग आभाळ फाटतं. नऊ-दहा हजार वर्षांपूर्वीचा पाऊस आजच्याहूनही दांडगा. प्रवरेचं रूप पालटतं. स्वतःच साचवलेला गाळ ती आता कापत सुटते. पात्र खोल जातं, काठ उंच उरतात, आणि त्या काठांना ओघळी पडून संगमनेरच्या आसपास दिसणाऱ्या घळ्या तयार होतात. बसमधून जाताना खिडकीतून त्या पिवळ्या, चिरफाळलेल्या भिंती दिसल्या तर नीट बघा. भिंतीची माती कोरड्या युगाची आहे, आणि तिच्यातली चीर ओल्या युगाची.

डोंगरावर या काळात शर्यत लागली आहे. जांभळाला काही अडचण नाही. पाखरं, वटवाघळं आणि अस्वलं त्याच्या बिया कोसाकोसावर टाकतात. पण कारवीची गोष्ट वेगळी. ती फुलते, मधमाश्या तिच्यावर तुटून पडतात, बोंडं धरतात आणि झाड मरतं. वाळलेली बोंडं पुढे तडतडून फुटतात. शांत दुपारी कारवीच्या रानात उभं राहिलात तर तो आवाज सगळीकडून येतो. फुटलेल्या बोंडातून बी उडून पडतं काही हातांवर. सढळ हाताने पाच मीटर धरू. आठ वर्षांतून एक उडी, म्हणजे १०,००० वर्षांत १,२५० उड्या. एकूण सव्वासहा किलोमीटर. बारीतून कळसूबाई चढून परत उतरायला जेवढी वाट तुडवावी लागते, जवळपास तेवढंच. दहा हजार वर्षांची ही सगळी चाल!

आणि तरी आज अकोल्याच्या डोंगरांत, घाटमाथ्याच्या धारेधारेवर कारवीच कारवी आहे. पुराच्या पाण्याबरोबर काही बी खाली गेलं असेल, पण पाणी बी चढणीला नेत नाही. म्हणजे कारवी दूरच्या कुठल्या एका आसऱ्यातून चालत आलेली नाही. ती जागोजागी, प्रत्येक डोंगराच्या पोटात, आधीपासून होती. १८९९ साली क्लेमेंट रीड यांनी ब्रिटनमधल्या ओकबद्दल असंच कोडं घातलं होतं. नुसती फळं गळून पडण्याच्या वेगाने ओकला देशाच्या उत्तर टोकाला पोचायला दहा लाख वर्षं लागली असती, मग तो पोचला कसा? तिथलं बरंचसं उत्तर पक्ष्यांकडे होतं. कारवीला पक्षी नाही. तिचं उत्तर कड्यात आहे. महादेव कोळी आणि ठाकर घरांच्या कुडाच्या भिंती ज्या काठ्यांनी विणल्या गेल्या, त्या काठ्यांचं कूळ हिमयुगभर याच डोंगरांत राहिलेलं आहे, असं मी या आकड्यांच्या बळावर म्हणतो.

शेवटच्या चार हजार वर्षांना थोडक्यात ओलांडू. प्रवरेच्या काठी दायमाबादला थांबणं मात्र भाग आहे. श्रीरामपूर तालुक्यातल्या या टेकाडात १९७४ साली काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले, आणि नंतर तिथलं मोठं उत्खनन केलं तेही साळींनीच. ज्याने गेंडा आणि हत्ती ओतला, त्याच्या ओळखीची नदी आणि तिच्या काठची झाडी आपल्या ओळखीची नसणार. इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास ती वस्ती उठते. त्या सुमारास पाऊस पुन्हा ओसरत चालला होता याचा पुरावा फार लांब जाऊन मिळतो. प्रवरा गोदावरीला मिळते आणि गोदावरी इथल्या पानांवरचं मेण आपल्या गाळाबरोबर बंगालच्या उपसागरात नेऊन टाकते. तिथल्या समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या स्तंभात ते मेण तपासलं गेलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून गोदावरी खोऱ्यात कोरड्या हवेची झाडंगवतं वाढत गेली आणि १,७०० वर्षांपासून ती ठाण मांडून आहेत. अकोल्यात गळालेल्या पानाची नोंद आंध्रच्या किनाऱ्यापलीकडे जपून राहावी, हे मला अजूनही थक्क करतं.

आणि आता तुम्ही आजच्या दिवसात आहात. पण एक विनंती आहे. हिमयुग बघायला मागे जायचीच गरज होती असं समजू नका. घाटघरला वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, जिल्ह्याच्या ठिकाणी, जेमतेम ६०० पडतो. जिल्हा एकच. अकोले-संगमनेर-नगर-कर्जत अशी एस.टी. बदलत गेलात, तर रेहेकुरीला १९८० साली राखून ठेवलेला काळविटांचा छोटासा माळ आहे. तिथे उतरून गवतात चाला. कुसळं कपड्यांत रुततील. कळसूबाईच्या उतारावर वीस हजार वर्षांपूर्वी जे रान होतं, त्याचं जवळात जवळचं रूप तिथे आहे. पाऊस रोडावला तेव्हा हा माळ पश्चिमेला सरकत घाटमाथ्यावर चढला होता, पाऊस परतला तेव्हा तो मागे हटला. म्हणून या माळांना सरकारी कागदावर आणि आपल्या बोलण्यात पडीक म्हटलं जातं, खड्डे खणून झाडं लावली जातात, तेव्हा मला राग येतो. हे उजाड झालेलं जंगल नव्हे. डेक्कनवरच्या कित्येक जंगलांपेक्षा हे गवत इथलं जुनं रहिवासी आहे.

शेवटी हरिश्चंद्रगडावर या, श्रावण-भाद्रपदात. गवतात गुडघे टेकून शोधलंत तर कंदीलपुष्पाची एक जात दिसेल, सेरोपेजिया लॉयी. खाली फुगीर, मग नळी, आणि वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना जुळून झालेली जाळी. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. बारीक माशी आत शिरते आणि केस मऊ पडेपर्यंत तिला बाहेर येता येत नाही. सुटते तेव्हा पराग तिच्या अंगाला चिकटलेले असतात. हे फूल या गडासारख्या मोजक्याच जागी आहे. त्याचं शास्त्रीय वर्णन केलं जोसेफ हूकर यांनी, ज्यांनी आर्क्टिकच्या वनस्पती पृथ्वीवर कशा पसरल्या यावरही १८६०च्या दशकात महत्त्वाचा निबंध लिहिला होता. ध्रुवाकडची कोडी सोडवणाऱ्या माणसाच्या हातून आपल्या गडावरचं एक फूल गेलं, याचा मला फार आनंद होतो.

या झाडाने हिमयुग काढलं असेल ते जमिनीखालच्या कंदाच्या जोरावर. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंतचा कोरडा काळ ते दरवर्षी तसाच काढतं. पाऊस आणखी लांबला तर आणखी झोपायचं, एवढंच. अवर्षण त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. अंगवळणी नाही ती वाढती ऊब. एक अंश वाढला तर तीच हवा मिळवायला दीडशेहून जास्त मीटर वर जावं लागतं. गडाचं पठार आणि तारामतीचं शिखर यांत त्याला फार जागा नाही. जवळचा सगळ्यांत उंच माथा म्हणजे कळसूबाई, उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर, मध्ये दऱ्या. तीही तारामतीहून दोनशेएक मीटरनेच उंच. तिच्यापुढे सह्याद्रीत याहून उंच माथे मिळतात ते थेट कर्नाटकात, बाबा बुडनगिरीच्या रांगेत, सातशे किलोमीटर दक्षिणेला.

कंदीलपुष्पाच्या बियांना रेशमी शेपट्या असतात, त्या उडू शकतात, ही जमेची बाजू. पण शेंगा तडकतात पाऊस संपल्यावर, आणि तेव्हा डोंगरावर वारा असतो ईशान्येचा. तो बिया कळसूबाईकडे नेत नाही. गडाच्या कोकणकड्यावरून खाली, कोकणाकडे नेतो.